फळ्यांखालचा हिशेब

माझा बाप शर्यत बघायचा खालून.
म्हणजे बघायचा नाहीच,
पाठीवर पडून ऐकायचा.

सव्वा मैलाचं लाकडी कडं होतं ते,
पेनसिल्वेनियात, कॉल्डर्स फोर्डच्या माळावर.
पाइनच्या पट्ट्या कडेवर उभ्या ठोकलेल्या,
वळणं इतकी उभी की चढताना
धडधाकट माणूस चार पायांचा व्हायचा.
तीन हिवाळ्यांत लाकूड कुजलं.
मालकाला नवं लाकूड परवडेना,
सुतार परवडायचे.
म्हणून शर्यत चालू असतानाच
ओंद्रेय ह्रुश्का आणि दुसरे पाच जण
तुळयांमधून सरपटायचे, तोंडात खिळे,
आणि वर ताशी एकशे तीस मैलांनी
गडगडाट यायचा, जायचा, यायचा.

मी नऊ वर्षांची. पाचरी द्यायचं काम माझं.
फटींतून उन्हाच्या रेघा पडायच्या अंगावर,
गाडी गेली की विझायच्या, पुन्हा पेटायच्या.
भुसा डोळ्यांत, जळक्या एरंडेलाचा वास केसांत.
सोमवारी शाळेत माझ्या शेजारी कोणी बसायचं नाही.

बाप गाड्या आवाजावरून ओळखायचा,
जशी आई पावलांवरून ओळखायची
कोण किती पिऊन आलंय.
अकरा नंबरची, एमेट स्टॅनर्डची,
एका सिलिंडरात खोकायची.
त्या ऑक्टोबरात, का कोण जाणे,
बापानं खडूनं तुळईवर तिच्या फेऱ्या मांडल्या.
चार उभ्या, एक आडवी.
चार उभ्या, एक आडवी.

एकशे दहाव्या फेरीला फळी फुटली,
ताटाएवढं भगदाड.
पाचर केवढी लागेल ते बघायला
बापानं डोकं वर काढलं.
नंतर हॉटेलात स्टॅनर्ड सांगत सुटला म्हणे:
जमिनीतून एक माणूस उगवला,
तोंडात खिळे,
आणि माझ्याकडे बघून त्यानं भुवई उडवली!
सगळे हसले. बिल त्याच्याच नावावर टाकलं.

पाटीवर लिहिलं होतं:
स्टॅनर्ड, दुसरा, एक फेरी कमी.
त्या वर्षीचं अजिंक्यपद तेवढ्यावर गेलं.

रात्री कोबीच्या सारावर फुंकर घालत
बाप म्हणाला, "त्याच्या दोनशे झाल्या
तेव्हा वर आरोळी उठली नव्हती अजून."
"मग सांग जाऊन," आई म्हणाली.
"कोणाला?"
आणि त्यानं पाव मोडला.

पुढच्या वर्षी कडं उतरवलं. लाकूड गाडीच्या भावानं विकलं.
कोणाच्या चर्चची जमीन झाली, कोणाचं कुंपण.
ती तुळई झूक नावाच्या शेतकऱ्यानं नेली
कोंबड्यांच्या खुराड्याला.

स्टॅनर्ड नंतर ट्रकचे टायर विकायचा.
एकदा बापानंच त्याच्याकडून दोन घेतले,
ओळख न देता,
आणि घासाघीसही केली नाही.
आईला हे कधी कळलं नाही.

आता दर काही वर्षांनी कुणीतरी चश्मेवाला येतो,
जुन्या शर्यतींच्या वह्या तपासणारा,
गुण पुन्हा मोजणारा, मेलेल्यांना वरखाली करणारा.
विचारतो, बाई, काही पुरावा?

एकदा गेले मी झूकच्या नातवाकडे.
कंदील धरला, विष्ठा खरवडली.
खडू होता. इतकी वर्षं, आणि होता.
एकोणचाळीस जुड्या मोजल्या बोट ठेवून,
मग करवतीचा काप.
तुळई खुराड्याच्या मापात बसवायला
कुणीतरी हातभर कापली होती,
आणि तो तुकडा, नातू म्हणाला,
एखाद्या थंडीत जळला असेल.

चश्मेवाल्याला मी एवढंच सांगते,
एकशे पंच्याण्णवपर्यंतचं मी शपथेवर सांगेन.
पुढच्या पाचांचं
माझ्या बापाला ऐकू आलं होतं.