तुरीला तीन

शनिवारी सकाळी सातला, इंदुरात,
छावणीतल्या आमच्या चर्चमागच्या हॉलात
पुरुषांचं शिबिर.
कापडी फलकावर आयाळवाला सिंह,
खाली पिवळ्या अक्षरांत: उठ, पुरुषा, उठ.
एक टोक पंख्याच्या वाऱ्यानं सुटलेलं,
सिंहाचा जबडा सारखा मिटत होता.

वक्ते नागपूरचे. गालाला चिकटलेला माइक,
दंडावर ताणलेल्या बाह्या.
घराचं मस्तक कोण?
आम्ही म्हणालो, पुरुष.
ऐकू नाही आलं.
पुरुष! आम्ही ओरडलो,
आणि मागच्या स्वयंपाकघरात एक पातेलं पडलं.
तिथं सलोमी मावशी आणि बाकीच्या
पाच वाजल्यापासून कांदे चिरत होत्या,
साठ मस्तकांच्या पोह्यांसाठी.

मी शेवटून दुसऱ्या रांगेत.
पीथमपूरच्या कारखान्याचं गेट बंद झालं
त्याला या नाताळात दोन वर्षं होतील.
गियर कापायचो, केसाच्या जाडीच्या मापानं.
आता पोळ्या लाटतो.
कृपा म्हणते, बाबा, सगळ्या वॉशरसारख्या सारख्या कशा?
सुवार्ता आयसीयूत, रात्रपाळीला.
साडेनऊला तिची स्कूटी वळते,
त्याच्या आत कुकर, मिक्सर, पाण्याची मोटर,
सगळे आवाज उरकून घ्यायचे.
तिच्या पांढऱ्या गणवेशाला इस्त्री मीच करतो,
आधी कॉलर, मग बाह्या.
चर्चमध्ये कुणी विचारलं तर म्हणतो,
कन्सल्टन्सी चालू आहे.

डोळे मिटा, वक्ते म्हणाले.
ज्याच्या घरात शेवटचा शब्द त्याचा असतो
त्यानं हात वर करावा.
मिटल्या डोळ्यांनाही कळतं किती हात गेले ते,
बाह्यांची सळसळ होते.
माझाही गेला. कोपरापर्यंत.
बोटांना कोथिंबिरीचा वास.

आणि खिशातला फोन वाजला.
घाईत काय दाबलं कोण जाणे,
कृपा हॉलभर झाली:
बाबा, मम्मी यायच्या आत डाळ लावतेय,
किती शिट्ट्या?

नागपूरचा श्वास माइकमध्ये ऐकू आला.
मी ओठ न हलवता म्हणालो, चार.

शेजारी त्रिभुवन सर.
शाळेत गणित शिकवायचे,
आमच्या अख्ख्या पिढीच्या तळहातांवर त्यांची पट्टी.
आता मंडळीचे वडील.
त्यांना हसताना ज्यांनी पाहिलं
ते सगळे कबरस्तानात.
डोळे मिटलेले, हात वर तसाच.
हळूच म्हणाले, कुठली डाळ?
तुरीची, सर.
तुरीला तीन पुरतात. भिजवली असेल तर दोन.
मग बऱ्याच वेळानं:
हिला चावता येत नाही, म्हणून मी चार करतो.
सात वर्षं झाली.

आम्हाला वाटायचं, बाई असेल कामाला.

मी डोळे उघडले. उघडायचे नव्हते.
सरांच्या वर गेलेल्या बाहीच्या काठाला
हळदीचा डाग.
साबण लावला की तो लाल होतो,
उन्हात टाकला की आपोआप जातो.
सांगावं का त्यांना?
माहीत असेलच.

पोहे आले, वर शेव, वर जिरावन.
वक्ते प्लेट हातात घेऊन
ढाल, तलवार, शिरस्त्राण यांबद्दल बोलत राहिले.
मला मात्र तो किनारा आठवत होता,
मरणातून उठल्यावरची पहाट.
त्यानं कोळसे पेटवले, मासळी भाजली,
रात्रभर जाळी ओढून दमलेल्यांना हाक मारली,
या, जेवून घ्या.
तो भाग शिबिरात निघाला नाही.
वेळ पुरला नसेल.

घरी पोचलो तेव्हा सुवार्ता
दारातच बूट काढत होती,
पायांवर मोज्यांचे वळ.
काय शिकवलं आज?
म्हणालो, तुरीला तीन.
ती म्हणाली,
मी कधीची सांगतेय.