सात नंबर

मोहोळच्या फार्मवर नीलव्वाला
आधी काही सांगत नाहीत.
बारा डबे, बारा पिठं,
झाकणांवर नुसते आकडे.
ती मळते, लाटते, भाजते,
पाटीलसाहेब वहीत लिहितात.

तीन नंबर ताणला की तुटतो.
"उपाशी आहे हा," ती म्हणते.
त्या वाफ्याला युरिया दिलाच नव्हता,
हे वहीला माहीत, तिला नाही.

नऊ नंबर पौषात कमरेएवढा,
हिरवा, जवळजवळ काळा;
युरिया हात सोडून टाकलेला.
माघात एका रात्रीच्या वाऱ्यात लोळला.
दाणा बारीक, सुरकुतलेला.
त्याची चपाती ती उलटते,
बोलत काहीच नाही.

आणि सात
कडेपर्यंत फुगतो,
दुपारच्या डब्यातही मऊ.

"काय घातलं हो याला?"

युरियाच, पण तीन हप्त्यांत.
वर थोडं जस्त.
आपल्या चुनखडीच्या रानात ते असतं,
पण मुळाच्या हाती लागत नाही.

ती तव्यावरून फडकं फिरवते.
"म्हणजे मिठासारखं.
नसलं की मग कळतं."

साहेब पेन उघडतात,
या वाक्याला रकाना नाही.

सातची एक चपाती
ती नातवासाठी मागून घेते.
बाकी घरी भाकरीच.