फुगवण

नियमांच्या भाषेत मी अंध आहे.
मिरजेच्या दवाखान्यात, मागच्या जिन्याला लागून,
तीन नंबरच्या खोलीत बसते.
गोळी खरी की नुसत्या खडूची
हे मला कळू द्यायचं नाही,
मी विचारायचंही नाही.
माझं काम अंगठ्याचं.
सांध्यावर ठेवायचा, दाबायचा
माझं नख पांढरं पडेपर्यंत, त्याहून जास्त नाही,
आणि म्हणायचं, दुखतंय?
अठ्ठावीस वेळा.

शेवंता कोळेकर, कवठेमहांकाळकडची.
कागदावर नुसती शून्य-एक-नऊ.
पहिल्या दिवशी तिने हात टेबलावर ठेवले नाहीत,
उतरवले,
डोक्यावरची पाटी उतरवावी तसे.
बोटांची मुळं गच्च भरलेली,
अंगठीच्या जागी फिकट वळ.
"सोनारानं कापून काढली," म्हणाली,
"सोनं तेवढं माघारी दिलं."

ती द्राक्षबागेत विरळणीला जाते.
बारक्या कात्रीने घडातले जादा मणी काढायचे,
उरलेला घड औषधाच्या मगात बुडवायचा,
फुगवण यावी म्हणून.
मण्याला अठरा मिलिमीटर भरले
की माल बाहेरच्या देशात जातो.
"तितं फुगवायचं औषध, हितं उतरवायचं.
पट्टी दोन्हीकडं हायच बघा."

सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात?
मिनिटांत सांगा.
"दुधाची गाडी वस्तीवर येऊन माघारी जाईपतोर."
मी गाडीची वेळ विचारली, वजाबाकी केली,
लिहिलं: एकशे दहा.

वेदनेची रेघ दहा सेंटिमीटरची.
एका टोकाला काहीच नाही, दुसऱ्या टोकाला असह्य.
तिने पेन मुठीत धरला
आणि फुली मारली रेघ संपल्यावर,
दोन बोटं पुढे, कोऱ्या कागदावर.
पुण्याहून कळवलं, नोंद बाद, पुन्हा घ्यावी.

बाराव्या आठवड्यात
मनगटाचं हाड माझ्या अंगठ्याला पुन्हा सापडलं.
बोटांच्या मुळांमधल्या खाचा वर आल्या,
तळं आटल्यावर बांध दिसावा तशा.
"गाडी यायच्या आत वेणी घातली.
पोरीनं न्हाई, मीच."
आनंद व्हायला मला मनाई नाही,
तो चेहऱ्यावर येऊ नये, एवढंच शिकवलंय.
मी म्हटलं, उजवा खांदा.

मग तिने चप्पल काढली.
"आता ह्ये धरा."

पावलं अठ्ठाविसात नाहीत.
खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे, दोन-दोन,
बाकी वीस हातांच्या बोटांचे.
कुणीतरी कधीतरी ठरवलं, थोडक्यात मोजावं.
त्यात चूक काही नाही,
बाहेर बाकावर अजून अकरा जण बसलेत.
"म्हंजे पायानं दुखायचंच न्हाई?
दिसभर ह्येंच्यावरच तर उभी असतीया."
चवड्याखाली हात घातला.
न दाबताच तिने श्वास आत ओढला.
मी समासात लिहिलं: पावलं, दोन्ही.
पुढच्या महिन्यात तपासनीस आले,
त्या दोन शब्दांभोवती लाल गोल करून गेले.
बाजूला प्रश्नचिन्ह.

कोणाला काय दिलं ते पाकीट कपाटात आहे,
लाखेने बंद.
ते उघडेपर्यंत बागेची अजून एक छाटणी होईल.
शेवंता बरी होतेय ती औषधाने,
की दर महिन्याला कुणी हात हातात घेतं म्हणून,
की त्यांचं आपसूक उतरलं,
मला माहीत नाही.
माहीत नसणं हाच माझा पगार.

पण पट्टी डोळ्यांवर आहे,
कानांवर कुणी बांधली नाही.
मागच्या जिन्याला सतरा पायऱ्या.
ती उतरते तेव्हा उजवी चप्पल सबंध पडते,
डावी कडेवर,
आणि दर पायरीला लोखंडी कठडा कुरकुरतो
तिच्या भाराने.
चोविसाव्या आठवड्यात मी पेन खाली ठेवून ऐकलं.
अकराव्या पायरीपर्यंत कठडा वाजला नाही.
बाराव्या पायरीला वाजला.

यासाठी रकाना नव्हता.
मी पुढचा नंबर पुकारला.