कनातीमागे

माझ्या लॉकरवर कुणीतरी जाड मार्करनं लिहिलं: गीक.
इंग्रजीत चार अक्षरं, मधली दोन जुळी.
मी नववीत. गाव वेल्टन, नेब्रास्का,
मक्यात मानेपर्यंत बुडालेलं.
एकच पेट्रोल पंप, आणि त्याच्या दिव्यावर
रात्री साडेनऊनंतर जे जे येऊन आदळायचं
त्याची माझ्याकडे वही होती.
दोनशे अकरा जातींचे पतंग,
तारीख, वारा, पंखांवरच्या खुणा.
नुसते करडेच सतरा, आणि सतरांना सतरा नावं.

"हिला कसला किडा चावलाय," इंगामावशी म्हणायची.
मला कळायचं नाही,
एकच कसा म्हणते ही.

शिपाई दुशेक यांनी टर्पेंटाइननं दार पुसलं.
शब्द गेला. त्या जागेचा हिरवा रंगही गेला.
आता दार लांबूनही ओळखू यायचं.

आई म्हणाली, कौतुकच समज गं,
उद्या हीच मुलं तुझ्या दारात नोकरी मागतील.
सगळे हसले. मीही, जरा उशिरा.
आजोबांनी चमचा खाली ठेवला.
ऑरवल लिंडग्रेन, जेवताना मीठसुद्धा खुणेनं मागणारा माणूस.
"गीक मी पाहिलाय," म्हणाले. "खराखुरा. दहा सेंटांत."

सदतीस साली, धुळीच्या दिवसांत, जत्रा आली होती.
कनातीआड खड्डा, खड्ड्यात एक माणूस.
वरून जिवंत कोंबडी टाकायचे
आणि तो दातांनी तिची मान –
वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.
दिवसाला सहा खेळ. मजुरी एक बाटली,
आणि निजायला गवत.
मालकाचं नाव पाटीवर होतं, ओरडणाऱ्याचं होतं,
दोन डोक्यांच्या वासराचं तर दोनदा होतं.
त्याच्या पाटीवर फक्त तो शब्द.

"खेळ सुटल्यावर मी लघवीला कनातीमागे गेलो.
तो उकिडवा बसला होता.
एकेक पीस सदऱ्याला पुसून
मांडीवर लहान-मोठं लावत होता.
म्हणाला, बघ पोरा, डाव्या पंखाची इकडे, उजव्याची तिकडे.
कसं ओळखायचं ते दाखवलं त्यानं."

आजोबा उठले, खुराड्यातून दोन पिसं घेऊन आले,
माझ्या ताटाशेजारी ठेवली.
"हे डावं."

त्याचं नाव विचारायला हवं होतं.
मी विचारलं, त्याला त्या शब्दाचं वाईट वाटायचं का?
"शब्द खाली पोचत होता की नाही, कोण जाणे.
हसणं पोचायचं.
मीपण हसलो होतो. आठ वर्षांचा होतो मी."
मग त्यांनी मीठ मागितलं. तोंडानं.

आता लिंकनच्या कीटक परिषदेत
तोच शब्द छापलेले टी-शर्ट फुकट वाटतात, खाली लाल बदाम.
तरणी पोरं रांग लावून घेतात,
आणि त्यांच्या छातीवर तो खरंच शोभतो.
जिच्या हातात तेव्हा मार्कर होता ती डार्लीन
हल्ली स्वयंपाकघरातल्या पतंगांचे फोटो पाठवते:
"आमच्या गीकला विचारते, हा कोण?"
मी नाव कळवते, खाणं कळवते, हंगाम कळवते.
आवडतं मला. खोटं कशाला बोलू.
आणि तरी तो फोन उचलताना
त्या दाराचा पुसलेला हिरवा
बोटांना कुठेतरी लागतो.

काल रात्री तो टी-शर्ट उलटा करून
ओसरीच्या दोरीवर टाकला, मागे दिवा.
अक्षरं आरपार दिसत होती, उलटी,
वाचता न येणारी.
साडेनऊला पहिला आला, करडा,
जुळ्या अक्षरांच्या मधोमध बसला.
वही काढली. सतरातला नाही.
पहाटेपर्यंत पुस्तकं चाळली.
नाव अजून सापडलेलं नाही.