पहिल्या पडद्यावरचं कुत्रं

सोमवारी उद्यमनगर बंद.
शाळा सुटली की मी आणि नेमगोंडा
पप्पांच्या ऑफिसात, शटर अर्धं वर ओढून.
लेथवर ताडपत्री, कूलंटचा वास,
चपलेच्या तळव्यात रुतलेला लोखंडी किस,
आणि बिलांसाठी घेतलेला कॉम्प्युटर,
ज्याला आम्ही हात लावायचा नाही
असं ठरलेलं होतं.

सात फ्लॉप्या. सहावी अडायची.
नेमू ती शर्टाला पुसायचा, फुंकर घालायचा,
"चल की गं बाई," म्हणायचा.
चालायची.

पडद्याच्या खाली नऊ इंग्रजी शब्द.
ओपन, पुश, पुल, गिव्ह.
'पिक अप' वाचून नेमू म्हणाला,
"ह्यात पिकअप कुठनं आली लका? माल कुठं टाकायचाय?"
आमची पिकअप म्हणजे दारात लागणारी,
कास्टिंगं भरून शिरोलीला जाणारी.
'लँटर्न' म्हणजे कंदील
हे वर्गात शिकायच्या आधी
त्या बेटावरच्या म्हाताऱ्यानं शिकवलं.

खेळ एवढाच: एक बेट, खलाशाचं एक पोर,
आणि एक दीपगृह, ज्याचं दार उघडत नाही.
काहीही करा, पोरगं खांदे उडवणार,
ते जमणार नाही.
दोरी दाराला. ते जमणार नाही.
मासा दाराला. ते जमणार नाही.
कंदील माशाला, मासा म्हाताऱ्याला,
म्हातारा कशालाच नाही.

तीन महिने त्या दारापुढं.
नेमूनं रोजमेळाच्या वहीत बेट उतरवलं,
जमेच्या बाजूला सापडलेलं,
नावेच्या बाजूला वापरलेलं,
शेवटी बाकी शून्य आणि दार बंद.
मग दहावी. मग फ्लॉप्यांना बुरशी.
मग तो इचलकरंजीला, मामाच्या मागांवर.
वही एकोणीसच्या पुरात गेली म्हणे,
हे मला त्याच्याकडून नाही,
एका लग्नात तिसऱ्याच कुणाकडून कळलं.

परवा रात्री, राजारामपुरीत, घर झोपल्यावर
तोच खेळ लॅपटॉपवर उतरवून घेतला.
सातही फ्लॉप्या मिळून
फोनमधल्या एका फोटोएवढ्या.
चौकोनी ठिपक्यांचा समुद्र, तीन रंगांचं आभाळ.
बोटांना सगळं पाठ होतं,
विहिरीमागची दोरी, जाळ्याखालचा मासा.
दारापाशी आलो आणि
पंचेचाळीस वर्षांचा माणूस
पुन्हा चौदाचा होऊन अडकला.

शेवटी उत्तर शोधलं. एका ओळीचं.
पहिल्याच पडद्यावर
धक्क्यावर एक कुत्रं बसलेलं असतं
आणि तुमच्या पिशवीत एक पाव.
तो पाव शेवटी दीपगृहाच्या म्हाताऱ्याला द्यायचा.
कुत्र्याला घातलात तर खेळ तिथंच संपला,
फक्त तो तसं सांगत नाही.
तुम्हाला बेटभर फिरू देतो,
दोऱ्या, कंदील, मासे गोळा करू देतो,
तीन महिने.

पाव नेमूनं घातला होता.
पहिल्या दिवशी, पहिल्या मिनिटाला.
"उपाशी दिसतंय," एवढंच म्हणाला होता,
आणि मलाही त्यात काही चुकीचं दिसलं नव्हतं.

या वेळी पाव राखला.
कुत्र्याच्या अंगावरून तसाच पुढं गेलो.
दार उघडलं. जिना, वर दिवा,
एक जहाज, वीस सेकंदांचं संगीत,
मग खेळ करणाऱ्यांची नावं.
एवढ्यासाठी, असं वाटलं,
आणि मग तसंही वाटेना.

सकाळी नंबर मिळवून फोन लावला.
मागं मागांचा खडखडाट, तो ओरडून बोलत होता.
मीही ओरडून सांगितलं,
दार उघडलं रे नेमू, दीपगृहाचं,
एकतीस वर्षांनी, तो पाव ठेवायचा होता.

तो कुठंतरी बाहेर आला. आवाज कमी झाला.
मला वाटलं विचारेल, आत काय होतं.
"आणि कुत्रं?" म्हणाला.

थांब, म्हटलं. मागं जाऊन बघतो.