आयर्विन पूल, पहाटे

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज चाला,
मेंदूला रक्त पोचतं. थोडं टिकेल.
टिकेल म्हणजे काय, ते विचारायचं राहिलं.

म्हणून मी आणि रायगोंडा
पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत,
सांगलवाडीला हात लावून परत.
तो श्वास मोजतो. मी नावं.
थोरल्या सुनेचं आज सापडलं नाही;
चौथ्या दिव्यापाशी
एकाहत्तरचा हळदीचा भाव मात्र आठवला, पैशासकट.

रुमालाखाली बोटं धरून सौदे केले चाळीस वर्षं.
परतताना रायगोंडाचा हात धरला,
अंगठ्यानं सहज दोन बोटं दाबली.
"एवढ्याला न्हाई देत," तो म्हणाला.

घाटाशी पोचलो तेव्हा
एक नाव आलं ओठांवर.
सुनेचंच असावं.
घरापर्यंत
तेच घोकत चाललो, जरा भरभर.