झेनोनचा डावा डोळा

दुकानात तीन पेट्यांवर तीन दिवे टांगले होते.
झेनोनने आधी उजवा डोळा मिटला, मग डावा,
मग परत उजवा.
ओल्गिएर्दला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोळ्यात काही गेलं.

गेलं नव्हतं, निघालं होतं.
मार्चमध्ये डाव्याचा मोतीबिंदू काढला,
आणि पट्टी सुटल्यावर हा माणूस
मांडणीवरच्या ताटलीपुढे उभा, बूट न काढता.
"लेओकादिया, हिचा काठ निळा आहे."
निळाच होता. लग्नापासून.

एकतीस वर्षं वुचच्या गिरणीत, रंगखात्यात.
दिव्याखाली जुळलेलं कापड
उन्हात फितूर होतं, हे त्याला कोण सांगणार?
तुकडा घेऊन खिडकीशी जायचा, मगच मान हलवायचा.
पण प्रवाळाला हवं ते ऊन
समुद्रात दहा हात खाली पोचलेलं,
आणि आमच्या चौथ्या मजल्याच्या खिडकीत
नोव्हेंबर.

ओल्गिएर्द सांगत राहिला.
हा मेटल हॅलाइड, तळावर उन्हाच्या लाटा नाचवतो,
पण पाणी तापवतो, विजेचं बिल विचारू नका.
या नळ्या. उजेड सगळीकडे सारखा,
फक्त वर्षाला नव्या घालायच्या.
आणि हा एलईडी, फोनवरून पहाट करता येते.
"पहाट मी उठून करीन," झेनोन म्हणाला.

उजव्या डोळ्याला तिन्ही दिवे कोमट चहासारखे.
डाव्याने मात्र तिसऱ्याखाली तो थबकला.
एकदा पिंपातून चुकून एक निळा निघाला होता,
जांभळा व्हायच्या जरा अलीकडे थांबलेला.
साहेबांनी थान परत पाठवलं,
याने कृती लिहून ठेवली, आणि पुन्हा कधी जमला नाही.
मी तो पाहिला नव्हता.
ऐकून ऐकून मला पाठ होता.

फोनची पहाट घ्यावी लागली.

गाळणं मी निवडलं.
माझे कान मागांनी खाल्ले, बावीस वर्षं,
पण तळवे शाबूत आहेत.
चालत्या स्किमरवर हात ठेवला की कळतं,
पहिला थरथरत होता सैल धोट्यासारखा,
रात्री खालच्या गेर्त्रुदाच्या पलंगापर्यंत पोचला असता.
दुसरा गुमान होता. झोपलेल्या मांजराएवढा.
तोच घेतला. खाली टाकी, टाकीत शेवाळाचा गुंता,
वर दगड, तेही पाणी गाळतात म्हणे, नुसते बसून.
काय घ्यायचं, काय नाही, यावर ओल्गिएर्द बोलला बरंच.
मला एवढंच पुरलं:
सार नितळ हवं तर फेस काढत राहायचं.
हे मला कुणी शिकवावं?

घरी पहिल्या आठवड्यात प्याल्यात तपकिरी मळी साचली.
झेनोन ती धुवायला गेला आणि मोरीत ओतताना थांबला.
गिरणीमागच्या ओढ्याला
त्या दिवसाचा रंग असायचा, सोमवारी तांबडा,
गुरुवारी बाटलीहिरवा. मुलं पैज लावायची.
"एवढंसं यंत्र," तो म्हणाला,
आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

अजून मासा नाही. सहा आठवडे थांबायचं.
नुसते दगड आणि खारं पाणी,
आणि त्यावर साडेसहाला उगवणारा तो निळा.
परवा गेर्त्रुदा वर आली. मी म्हटलं, झालं, आवाज.
आवाज नव्हता. अंगणातल्या बर्फावर
आमच्या खिडकीचा तुकडा पडतो,
तो कसला, एवढंच तिला विचारायचं होतं.
खुर्ची ओढून बसली. कोट अंगावरच.

फेब्रुवारीत उजव्या डोळ्याची तारीख आहे.
तो म्हणतो, राहू दे.
जुना नमुना कुणी फेकून देतं का,
नवा जुळवायचा कशाशी?
मी डॉक्टरांना अजून कळवलेलं नाही.